चिलखती गाडीची तीट

माझं नाव सुपडू. हसायचं तर हसा, पण आमच्या खानदेशात गावोगाव एक तरी सुपडू भेटेल तुम्हाला, आणि त्याच्यामागं हीच गोष्ट असते. माझ्याआधीची मायची दोन लेकरं जगली नाहीत, म्हणून मी झालो तेव्हा मला सुपात घातलं, अंगणात ओढून आणलं, म्हणजे देवाला वाटावं ह्याला टाकूनच दिलाय, आणि नाव ठेवलं सुपडू. तेवढ्यावरही मायचं समाधान नाही. कपाळाला तीट, गालाला तीट, तळपायाला तीट. मला मिसरूड फुटलं तरी घराबाहेर पडताना माय हाक मारायची, सुपडू, थांब जरासा, नजर लागी जाई, आणि कानामागं काजळाचं बोट टेकवायची. पोरं चिडवून बेजार करायची. पण जगलो ना मी, हा काय तुमच्यासमोर बसलोय.

तुम्ही शहरातले म्हणून जरा सांभाळून बोलतोय, नाहीतर घरात आमची बठ्ठी, म्हणजे सगळी, अहिराणीच.

तर दोंडाईच्याला मी गाड्या रंगवायचो. मिरचीचे ट्रक, ट्रॅक्टर, ट्रॉल्या, मागच्या फाळक्यावर मोर, कमळ, मालकाच्या पोरांची नावं. आणि गाडी पुरी झाली की सगळ्यात शेवटी मागच्या डाव्या मडगार्डच्या आतून काळ्या रंगाचं एक बोट. ते कुणी सांगायला लागायचं नाही, त्याशिवाय गाडी पुरी झालीय असं मलाच वाटायचं नाही. मग एका एजंटनं आखातात पेंटरची नोकरी आहे म्हणून सांगितलं, मला वाटलं मोटारींचं गॅरेज असेल, उतरलो तर समोर रणगाडा. फौजेचं वर्कशॉप होतं ते. देशाचं नाव मी घेत नाही, तसं लिहून दिलंय. लहान देश, सकाळी चहा पिऊन निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला दुसऱ्या टोकाला.

पण काय सांगू तुम्हाला, ती फौज मला तोंडपाठ. तिथल्या शिपायाला स्वतःच्या पलटणीपलीकडचं माहीत नसायचं, मला बठ्ठं माहीत, कारण खुणा मी रंगवायचो. पायदळाच्या पलटणी, रणगाड्यांची एकच पलटण, तोफखाना वेगळा, राजाच्या पहाऱ्याची पलटण वेगळी, तिचा तोरा तर विचारूच नका, आणि ह्या सगळ्यांना पाणी, डिझेल, जेवण पोचवणारी एक, तिला संचलनात मागं ठेवायचे, पण ती नसती तर बाकीचे दोन दिवसांत घरी आले असते. प्रत्येकीचा चौकोन वेगळ्या रंगाचा, त्यात आकडा, आकडा अरबी. रणगाडे एका देशातून घेतलेले, तोफा दुसऱ्या, ट्रक तिसऱ्या, आठ चाकांच्या चिलखती गाड्या चौथ्या. प्रत्येकाचा पाना वेगळा, पुस्तकाची भाषा वेगळी, कुणी हिरवी यायची, कुणी करडी. त्या सगळ्यांना एका घरच्या कुणी करायचं, तर मी, वाळूच्या रंगानं. फोनवर हे सांगायला लागलो की आमची मंडळी, सुमन, म्हणायची, बठ्ठी फौज तुम्हीच चालाडतस का? मी म्हणायचो, मी नाही चालवत, पण माझ्याशिवाय ती ओळखू येत नाही.

वर्कशॉपवर सालेम होता, आपल्याकडच्या सुभेदाराच्या बरोबरीचा, पांढरी दाढी, रागीट भिवया, मन मात्र लोण्याचं. हिंदी माझ्याइतकीच मोडकी. गाडी रंगवून झाली की तो बोट फिरवून बघायचा, धार बघायचा, मग कागदावर सही, मगच गाडी पलटणीत. मी सुट्टीवरून येताना मिरची घेऊन जायचो, एकदा त्याला ठेचा दिला, डोळ्यातून पाणी, नाकातून पाणी, पण पठ्ठ्यानं भाकरी संपवली, आणि दुसऱ्या दिवशी डबा पुढं केला, आणखी आहे का म्हणून. त्याचा मुलगा नासेर त्याच फौजेत शिपाई होता, पण सालेमनं कधी त्याला जवळ बोलावलं नाही, त्याच्यासाठी कुणाला शब्द टाकला नाही. मला तो माणूस फार आवडायचा, आताही आवडतो.

आता माझी चूक सांगतो. तिथंही माझं बोट थांबलं नाही. गाडी पुरी झाली की डाव्या मडगार्डच्या आत काळा ठिपका. रणगाडा, पाण्याचा टँकर, ॲम्ब्युलन्स, स्वयंपाकाची गाडी, कुणालाच सोडलं नाही. सालेमला दिसायचा नाही, तो खाली वाकायचा नाही, कमरेनं अधू. अशी कितीतरी वर्षं गेली. मग मोठ्या संचलनाच्या आधी तपासणी झाली, एक तरुण अधिकारी कपडे मळतील ह्याची पर्वा न करता गाडीखाली शिरला, त्याला ठिपका दिसला. दुसरीखाली शिरला, तिथंही. दुपारपर्यंत अख्ख्या फौजेच्या बुडाशी ठिपका निघाला. शत्रूनं खुणा केल्या म्हणाले. कुणी केल्या, का केल्या, आणि प्रत्येक गाडीच्या कागदावर सही कुणाची, तर सालेमची.

त्याला निवृत्तीला चार महिने राहिलेले. आम्हा दोघांना मेजरसमोर उभं केलं. मी तोंड उघडण्याआधी सालेम बोलला, सही माझी आहे, दोष माझा आहे, हा पेंटर मी सांगतो तेवढं करतो. खोटं बोलला हो माझ्यासाठी, कधी न बोलणारा माणूस! मला वाटलं आपली गाठ तुरुंगाशी आणि ह्याचा आयुष्यभराचा मान मातीत. मी म्हणालो, नाही साहेब, हे माझं काम आहे, आणि सांगितलं सगळं, दोन लेकरं, सूप, माय, काजळ. मेजर ऐकत राहिला. नजर म्हणजे काय ते त्याला समजावावं लागलं नाही, त्यांच्यातही मानतात. पण तो म्हणाला, इतकं देखणं काम करतोस, त्याला स्वतःच डाग का लावतोस? मी म्हणालो, देखणं झालं म्हणूनच. मग तो जरा चिडून म्हणाला, अरे, लोखंडाला कुठं नजर लागते? मी म्हणालो, लोखंडाला नाही लागत साहेब, आत पोरं बसतात.

मेजरनं चौकशीचा कागद बाजूला सारला. म्हणाला, दोघं कामावर राहा, पण फौजेच्या गाडीवर पुस्तकात आहे तेवढीच खूण असते, संचलनाआधी एकूण एक ठिपका गेला पाहिजे, आणि सालेम स्वतः वाकून बघेल.

मग आम्ही दोघं निघालो, वाळूच्या रंगाचा डबा, ब्रश आणि त्याच्यासाठी एक उशी, गुडघ्याखाली घ्यायला. पलटणीमागून पलटण. पहिला ठिपका पुसताना माझा हात चालेना, आपल्याच लेकराची तीट पुसतोय असं वाटलं. सालेम म्हणायचा, पुस, हुकूम आहे. शेवटी आठ चाकांची एक गाडी राहिली. तिच्यापाशी तो थांबला, म्हणाला, ही नासेर चालवतो. मी ब्रश खाली ठेवला. तो म्हणाला, पुस, हुकूम आहे. मी पुसला. मग त्यानं चालकाचं झाकण उघडलं, सीटच्या खाली दाखवलं, म्हणाला, पुस्तकात बाहेरचं लिहिलंय, आतलं काही लिहिलेलं नाही. मी काळ्या रंगाचा डबा आणला, तर माझा हात बाजूला केला, स्वतःचं बोट बुडवलं, आणि पार आत वाकून टेकवलं. मी पुसायला चिंधी दिली, त्यानं घेतली नाही, तसंच काळं बोट घेऊन घरी गेला.

तो मानानं निवृत्त झाला, मीही पुढं परत आलो, आता गुडघे साथ देत नाहीत, दुकानांच्या पाट्या तेवढ्या रंगवतो. औंदा तिकडच्या आभाळात क्षेपणास्त्रांची आग दिसल्याच्या बातम्या टीव्हीवर आल्या आणि माझा घास तोंडातच राहिला. सालेमला फोन लावला. त्याचा आवाज म्हातारा झालाय. म्हणाला, नासेर गाडी घेऊन किनाऱ्याकडं गेलाय, तीच गाडी, सुट्टी नाही, फोन लागत नाही.  मग हळूच विचारलं, सुपडू, तो ठिपका अजून असेल का रे? सीटखाली बूट घासतात, पुसला तर गेला नसेल?

मी छातीठोक सांगितलं, माझा रंग आहे सालेमभाई, वीस वर्षं हलत नाही. त्या उन्हात, बुटांखाली, कसला रंग टिकतो हो? पण सांगितलं. तो म्हणाला, बरं झालं विचारलं, आता झोप लागेल.

फोन ठेवला, सुमन म्हणाली, जेवतस ना?  ओट्यावर गेलो, मावळतीकडं तोंड केलं, दोन्ही हात पुढं नेऊन त्या बठ्ठ्या गाड्यांवरून, नासेरवरून ओवाळले, आणि मायसारखी कानशिलावर बोटं मोडली. दहाच्या दहा कडाकडा वाजली, साहेब, एवढी नजर लागली होती त्या पोरांना. तेव्हापासून दररोज मोडतो. बठ्ठासले सुखी ठेव रे देवा, म्हणतो, आणि मग जेवायला बसतो.