शेळी आमची, आन् ओरडायचं न्हाई?

न्हाई, तुमीच सांगा राव, शेळी बांधायची आमची, आन् ओरडायचं न्हाई? हा कुठला न्याय? तुमाला सांगतो, मी सोमनाथ, निमगावच्या डेअरीचा सेक्रेटरी. मागं आमच्या काम्प्युटरात व्हायरस घुसला, समदं दूध, समदे सभासद कुलपात! आन् गाव काय म्हणतंय? चेअरमन बाळासाहेब तर एसटी स्टँडवर, मिशीला पीळ देऊन, "सोमनाथनंच कायतरी दाबलं आसंल..." मी? अवो, मी टीव्हीचं रिमोट बी बायकोला इचारून दाबतो! लई लागलं राव मनाला.

मंग आली आमची पुतणी आशा, पुण्यात काम्प्युटरातले चोर धरायच्याच कामाला हाय. म्हणली, "काका, बिबट्याला पिंजऱ्यात शेळी बांधत्यात ना, तशी आपण काम्प्युटरात नकली डेअरी बांधू. चोर आत शिरला की कुठनं आला ते दिसंल, तुमचं नाव धुऊन निघंल." आता पिंजरा आमाला शिकवायचा? आमच्या बिबट्यांच्या जुन्नरात? पण म्हणली, नकली डेअरी जिती दिसाया पायजे, रोज सकाळी खोटं दूध लिवा. लिवलं! खोट्या गायी, खोटी फॅट, एक खोटा सभासद रुसला म्हणून त्याचं दूध बी बंद दाखवलं!

आन् एक दिस भर दुपारी आला की त्यो! स्क्रीनवरनं एकेक गाय गायब! चांद्री गेली, कपिली गेली... आशा गालात हसतीया, "काका, गप बसा, खाऊ द्या त्याला." खाऊ द्या? अवो, पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखली आमी, लांडगा कळपात शिरला आन् धनगर गप बसला, आसं कुठं ऐकलंय? उठलो, "हाऽऽड! हाऽऽड तिच्या!" आन् वायरच उपटली! आशानं कपाळाला हात लावला, "काका, त्यो पिंजऱ्यात व्हता!" आसंल... पण शेळी आमची, आन् ओरडायचं न्हाई?

दुसऱ्या खेपेला मला डेअरीभायेर बसवलं. आन् घावला! कुठनं आला, ठावं हाय? चेअरमनसायबांनी घरबसल्या मोबाईलवर डेअरी बघाया जी वाट करून घेतली व्हती ना, आशानं नकलीला बी तशीच ठेवली, त्याच वाटंनं! आता बोला बाळासाहेब! द्या पीळ मिशीला! एसटी स्टँडवर उभा राहून ओरडलो मी, कुणाच्या बापाला भीत न्हाई!

घरी येऊन म्हणलं, आशे, आता मार त्या व्हायरसला. तर म्हणती, "मारायचा न्हाई काका, ठेवायचा. काय खातो, कसा पसरतो, अभ्यास करायचा." अवो, पिंजऱ्यातला बिबट्या जंगलखातं गाडीत घालून घेऊन तरी जातं! ह्यो आमच्याच डेअरीत, आमच्याच टेबलावर! शेळी बी आमची, बिबट्या बी आमचा... आन् रोज सकाळी त्याला दूध कोण घालतंय? मीच!

चलतो राव, चांद्री व्यायली म्हणून लिवायचंय.