हळदीआधीचं ऑपरेशन

तुम्ही हसाल, पण हळदीला उघडं बसावं लागणार म्हणून मी लग्नाआधी नाशकात गुपचूप ऑपरेशन केलं. बाईसारखी वाढलेली छाती कमी करून घेतली. आईला खरं कारण सांगायची लाज वाटली, म्हणून तिनं लँडलाइनवर चौकशी करणाऱ्या सगळ्यांना नुसतं 'छातीचं ऑपरेशन' सांगितलं.

निफाडहून होणारे सासरे शहाळी घेऊन हजर.

"हार्टचं दुखणं लपवलं तुम्ही. आता पोरगी कशी द्यायची आम्ही?"

हार्ट कुठून आलं, मला कळेना. शेवटी शर्ट काढला, छातीवरचा घट्ट पट्टा सोडला आणि खरं सांगितलं. सासरे टाके बघत राहिले. मग उठून दाराला कडी लावली आणि स्वतःच्या शर्टाची बटणं सोडायला लागले.

"जावईबापू, आमचं बघा जरा. या वयात करतात का?"