तीनशे कोटींचा पिक्चर आन् आमची मोठी आई

...नाई पण तुम्हाले सांगतो, स्टोरी म्हणून काईच नाई हो त्या पिक्चरमधी! तीनशे कोटी! तमिळमधला सगळ्यात म्हागाचा सायन्सवाला पिक्चर म्हणे, हिंदीत डब केलेला, आन् हिरो रॉकेटमधून उतरते तं कसा? स्लो मोशनमधी! हेल्मेटच्या आतमधी काळा चष्मा! अबे, तो घातला कवा तुनं? हिरोईन सायंटिस्ट, तिले ऑक्सिजन लागत नाई, नुसतं गाणं लागते. हिरोचं तोंड बंद होऊन जाते तरी डायलॉग चालूच राह्यते, दारू पेलेल्या जवायावाणी... पण ग्राफिक्स? ग्राफिक्स मात्र एक नंबर, भाऊ!

म्हणजे ते मेलेली पृथ्वी दाखवते ना, दोनशे वर्षांनंतरची... काळे काळे डोंगर, झाड नाई, पाखरू नाई, सूर्य कसा धुरकट, विझलेल्या चुलीतल्या निखाऱ्यावाणी... चंद्रपूरची टॉकीज, खचाखच भरलेली, आन् सारे चूप! मी मनात म्हणलं, वा रे कम्प्युटर!

बाजूले बसले मोठेबाबा. बापूराव, माह्या बाबाचे मोठे भाऊ. त्यांले मी काय सांगून आणलं होतं? का देवाधर्माचा पिक्चर हाय! मले वाटलं मजा येईन. तं हा माणूस रॉकेट उडालं तवापासून हात जोडून बसला! आन् ते काळे डोंगर आले तसा ताडकन उभा...

"मिथुन! हे तं आपलं गाव व्हय!"

म्हणलं, "मोठेबाबा, बसा. हे कम्प्युटरनं बनवलं हाय."

"कम्प्युटरच्या बापानं बनवलं! ते पाह्य, दोन फाट्याचं मोहाचं खोड, अर्धं मातीत गेलेलं! त्याच्याखालीच तं तुह्या मोठ्या आईले माती देल्ली मी!"

आता तुम्हाले सांगतो, आमचं गाव कोळशाच्या खाणीत गेलं. आम्हाले दुसरीकडं प्लॉट भेटले, आन् खाणीतून निघालेली माती जुन्या गावावर टाकून टाकून खाणवाल्याईनं डोंगर केले. मोठी आई, मोठेबाबाची बायको, खाली, डोंगर वर. आतमधी कोणाले जाऊ देत नाई. अक्तीले, म्हणजे अक्षय तृतीयेले, आपण पितरांची घागर भरतो, पाणी देतो ना? तं मोठेबाबा दर अक्तीले खाणीच्या गेटसमोर उभे राह्यते, रस्त्यावरच पाणी सोडते. आता तिथी ट्रक तोलाचा काटा बसवला. "माहं पाणी काट्यावर पडते रे," म्हणते, "तिले पोचतच नसन. सपनात येते... काई बोलत नाई, नुसते ओठ चाटते."

पिक्चर सुटल्यावर मी बाहेर येऊन निकेशले फोन लावला, आमचा दोस्त, त्याच खाणीत डंपर चालवते. "काऊन बे, तुह्या खाणीत शूटिंग झाली का कवा?"

"हो ना बे, मद्रासवाले आल्ते. लय खुश! म्हणे, इथी काईच सजवा नाई लागत, इतकं मेलेलं तं आम्हाले सेट लावूनही जमलं नसतं."

घ्या! म्हणजे मेलेली पृथ्वी अस्सल... आन् शेवटी जे हिरवंगार धानाचं शेत दाखवते, ते कम्प्युटरचं! मी तवाच म्हणलं होतं, बांधीत खेकड्याचं एक बीळ नाई, असं कोणतं धान असते? पण बाकी ग्राफिक्स... एक नंबर!

आन् सगळ्यात मोठी गलती ऐका. हिरो त्या पृथ्वीवर एकटा चालते, मांगून पावलांचा आवाज येते. टप... घर्र. टप... घर्र. हिरो वळते, "कौन है?" कोणीच नाई! आन् डायरेक्टर विसरूनच गेला! पिक्चर संपला तरी सांगत नाई का चालत कोण होतं! युट्यूबवर लोकाईनं शिव्या देल्या, मीही देल्या. घरी जाता जाता मोठेबाबाले म्हणलं, पाहा कशी गलती केली. तं ते बसच्या खिडकीतून बाहेर पाहत, एकदम शांत...

"डावा पाय ओढत चाले ना तुही मोठी आई."

मे महिन्यातलं चंद्रपूर, भाऊ! लू सुटलेली! आन् मले थंडी वाजून राह्यली!

मंग अक्ती आली. मोठेबाबा म्हणे, घागर टॉकीजमधी न्यू. नेली! घागर, पळसाच्या डोन्यात वडे, आंब्याचा रस. गेटवरचा माणूस आडवा. "बाबाजी, बाहेरचं खाणं आतमधी चालत नाई."

"माह्यासाठी नाई रे बापू. आतमधल्या बाईसाठी हाय."

"कोणती बाई?"

"माही बायको. पिक्चरमधी हाय."

त्यानं माह्याकडं पाह्यलं. मी मान हालवली. काय करतो? त्याले वाटलं, हिरोईनच्या घरचे हाय! बाजूले झाला, वरतून नमस्कार केला!

आतमधी मोहाचं ते खोड आलं पडद्यावर. हिरो रांगत, "पानी... पानी..." आन् मोठेबाबानं पडद्याखाली जाऊन घागरीतलं पाणी सोडलं! मांगून लोकं, "अबे बुढ्या, पिक्चर पाहू दे ना!" "अबे, हिरोले पाजून राह्यला का?" सारे हासून राह्यले... आन् टप... घर्र. टप... घर्र...

थांबलं.

भाऊ, आईची शपथ, पयल्या वेळी तो आवाज इंटरवलपर्यंत चालू होता! यावेळी तिथीच थांबला. मोठेबाबा जागेवर आले, म्हणे, "पेली." आन् दिवसभरात पयल्यांदा सोता घोटभर पाणी पेले.

शुक्रवारी पिक्चर उतरला. मोठेबाबाचं तोंड एवढंसं. "पुढच्या अक्तीले कसं?" म्हणलं, मोबाईलवर येईन ना. त्याईनं माहा मोबाईल हातात घेतला, उलटा करून पाह्यला, सुलटा करून पाह्यला...

"एवढ्याशात कसं मावन रे ते? चांगली अंगानं भरलेली बाई होती."

तं आता मोठा टीव्ही घेऊन राह्यलो. घ्याच लागन! स्टोरी नाई, गाणे बेकार, तीन तासांचा पिक्चर, आन् दरसाल अक्तीले पाहाचा, पयल्यापासून. म्हणलं, मोठेबाबा, निदान गाणे तरी पुढं ढकलू? तं म्हणते कसे...

"नाई रे. हळू चालू दे. तिले ठेच लागन."