बिळातला बेडूक

इंग्रजांच्या जेवणाचं मला काही सांगू नका. इकडे आखातात, जनाबियात इंग्रज साहेबाकडे नऊ वर्षं स्वयंपाक करतोय, साहेब बिर्याणीशिवाय दुसरं मागत नाही. पण मागच्या महिन्यात इंग्लंडहून त्याची म्हातारी आई आली. मी विचारलं, "मॅडम, जेवायला काय करू?"

म्हणाली, "टोड इन द होल."

टोड म्हणजे बेडूक, एवढं मला कळतं. आमचा ड्रायव्हर सलीम रत्नागिरीचा, त्याला विचारलं. तो म्हणाला, "होल म्हणजे बीळ. बिळातला बेडूक पाहिजे तिला. बघतो, इंशाल्ला." आणि गाडी काढून गेला.

मी साहेबाला फोन लावला. "सर, मी गुहागरचा माणूस. मासे म्हणाल तेवढे साफ करीन, बेडूक कापणार नाही. माझा व्हिसा कॅन्सल करा."

साहेबालाही तो पदार्थ माहीत नव्हता. मोबाईलमध्ये बघून म्हणाला, "अरे, पिठात सॉसेज घालून भाजायचे. बेडूक फक्त नावात."

मग घावनासारखं पातळ पीठ केलं, चिकन सॉसेज घातले, ओव्हनमध्ये भाजून वाढलं. म्हातारीने दोन घास खाऊन काटा खाली ठेवला. "अगदी माझी आई करायची तसं झालंय. मला तेव्हाही आवडायचं नाही."

"मग सांगितलंत कशाला?"

"तिकडे आम्ही चिकन करीच खातो. पण तू इंग्रजाकडे कामाला, म्हटलं तुला करी कुठून जमणार."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सलीम डबा घेऊन आत आला. डब्याच्या झाकणाला आतून धडका बसत होत्या.

"बेडूक मिळाला," तो म्हणाला. "बीळ मात्र आणता नाही आलं."