सुसानाच्या लेकीचा दोरा

भादव्यातल्या तापाने माझी बायको गेली. तिची औषधाची बाटली परत द्यायला मी नवापूरकडच्या मिशनच्या दवाखान्यात गेलो होतो. ओसरीवर विसरवाडीची सुसाना तापलेली लेक मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी तिच्या ख्रिस्ती मंडळीतले एक पंच, शमुवेलबाबा.

"पोरी, हिच्या मनगटाला भगताचा दोरा?"

"तीन दिवस ताप उतरला नाही, बाबा. भ्याले मी."

"नियम ठाऊक आहे ना? दोरा बांधला की मंडळीतून नाव कमी."

"मग लेक गेली तर मंडळीच्या जागेत पुरूही देणार नाही?"

"नियमाप्रमाणे नाही."

"प्रभू काय जंगलकामावरचा मुकादम आहे, हजेरीतून नाव कमी करायला?"

"हळू बोल."

"नियम काढला कोणी?"

"मीच. माणसं पुन्हा भगताकडे जातील, मंडळी मोडेल, म्हणून भ्यालो."

"म्हणजे तुम्हीही भ्यालात. माझ्या बाप्तिस्म्याला तर म्हणाला होतात, आपण चांगले म्हणून नाही, हरवलेले म्हणून प्रभू शोधत आला. हेच शुभवर्तमान, यावरच मंडळी उभी आहे. ते खोटं होतं?"

"खरं होतं, पोरी."

"मग सोडू दोरा?"

"माझ्या भीतीनं सोडू नकोस. आधी औषध घे. पंचांना मी सांगतो, दोऱ्यासकट ही आपलीच आहे."

"त्यांनी नाही ऐकलं तर?"

"तर आधी माझं नाव काढा म्हणेन."

"आणि ही गेलीच तर, बाबा?"

"तर मंडळीच्या जागेत खड्डा मी खणीन. ऊठ, आतून हाक आली."