हिरडीच्या तलावावरची डबल सीट

ऐका बाप्पा. उद्या तुम्ही पाहुणे मंडळी वनखात्याच्या सायकली घेऊन हिरडीच्या तलावाच्या वाटेनं जंगल बघायला जाणार. जा, खुशाल जा. मोर दिसतील, नीलगाय दिसेल. पण त्या वाटेनं मी एकदा रात्री गेलो होतो, ते आधी ऐका. सरका शेकोटीजवळ. हं.

मी तेव्हा पंचविशीतला. माझी बायको पार्बता पहिलटकरीण. तिन्हीसांजेला कळा सुरू झाल्या. माय म्हणाली, "सुकरू, पळ! सोनकी सुईणीला आण. मूल आडवं वाटतंय मला. उशीर केलास तर दोघंही हातची जातील."

सुईण राहायची तलावापल्याड. सडकेनं लांब, जंगलातून जवळ. टाकली सायकलवर टांग, निघालो.

आता आमच्याकडची रीत सांगतो. सायकलवाल्यानं वाटेत कोणी पायी दिसलं की थांबायचं, म्हणायचं, "बसा मागं." नाही म्हटलं तर गावभर नाव खराब. तर मोहाच्या झाडाखाली कोणीतरी उभं. अंधार. तोंड दिसेना. एवढी घाई, तरी सवयीनं बोलून गेलो, "बसा मागं!"

बसलं की हो!

कॅरिअर करकरलं नाही. वजन नाही. नुसता पाठीला गारवा. म्हटलं, "कुठं जायचं?"

मागून आवाज आला, "तू नेशील तिकडं. मी कधी बसलोच नव्हतो रे. आमच्या काळी सायकली नव्हत्या."

अंगावर काटा! कोणाचा काळ? मागं बघितलं नाही. पायडल हाणत सुटलो. तेवढ्यात खांद्यावरून एक हात पुढं आला. लांब, लांब, वेळूसारखा! अन् घंटी वाजवली. ट्रिंग! मागं खी खी हसणं. पुन्हा ट्रिंग!

फाट्यावर मी हँडल डावीकडं वळवलं, ते गेलं उजवीकडं. तलावाला फेरा झाला. पुन्हा तेच मोहाचं झाड. मागून आवाज, "अजून एक!" दुसरा फेरा. पुन्हा मोह. "अजून एक!" तिसऱ्या वेळी सायकल तलावाची पाळ, म्हणजे बांध, सोडून थेट पाण्यावर गेली. खोटं नाही सांगत, पाण्यावर! चाकाखाली कमळाची पानं चुरचुरली. वर चांदण्या, खाली चांदण्या. भीती तर होतीच, पण खरं सांगू? मजा वाटली हो. मग पार्बता आठवली.

काठाला लागताच हात जोडले. "बायको अडलीय माझी. उतरा ना!"

"का उतरू? तूच बसवलंस ना?"

डोकं चाललं बघा. म्हटलं, "मागं बसून काय मिळतं? खरी मजा तर सीटवर. तुम्हीच चालवा."

टुणकन उतरलं! मी सायकल धरली, ते सीटवर चढलं. "मारा पायडल!" मारलं. अन् ऐका... भुताची पावलं उलटी! पायडल फिरलं उलटं. टर्रर्र! टर्रर्र! चाक जागच्या जागी.

"चालत काहून नाही रे?"

"अजून जोरानं!"

टर्रर्र! मला हसू आवरेना. मग म्हटलं, "खाली उतरून चेन तर बघा." ते उतरलं, वाकलं, अन् मी मारली टांग!

"ए! नीट शिकव तरी!" म्हणत धावलं माझ्यामागं. पण पावलं उलटी ना! जेवढं धावे, तेवढं लांब जाई.

सुईणीचं घर गाठलं. सोनकी माय कॅरिअरवर बसली तशी दचकली. "काहून रे सुकऱ्या, माझ्याआधी कोणाला बसवलं होतंस? बर्फागत लागतंय!" सांगितलं सगळं. तिनं पाठीत धपाटा घातला. "मग सडकेनं चल मेल्या, अन् हाण!"

हाणली. म्हातारीनं पोटावरून हात फिरवून फिरवून मूल वळवलं. कोंबडा आरवायच्या आधी पोरगी रडली. रडली कसली, गाव उठवलं! पार्बता हसली, मी अंगणात नाचलो.

म्हणून सांगतो, दिवस कलला की ती वाट सोडा. अंधारात तिकडं पाऊल टाकू नका. माझी पोरगी पुढं सायकल शिकली, तेव्हा घंटी अन् ब्रेकच्याही आधी मी तिला एकच शिकवलं. आधी पाय बघायचे, मग "बसा" म्हणायचं.