पेन ड्राइव्हने सांगितलेली ओळख

हे तुम्हाला सांगायचं नाही अशी अब्बांची ताकीद आहे, तौफीक चाचा — पण तुम्हीच विचारलंत ना, अब्बा ड्यूटीवर का जात नाहीत — बसा, ते नमाजहून येतील, अम्मी चहा करतेय — तुमच्या पेन ड्राइव्हमुळे. मला मोठ्याने बोलता येत नाही, तुम्हीच जरा वाका. तुमच्या असमाच्या लग्नाचे फोटो म्हणालात, ऑफिसात लावा, तिथला स्क्रीन मोठा म्हणालात — आणि अब्बांनी लावला. गावच्या माणसाला काय विचारायचं? फोटो होते, खरंच. संध्याकाळी मी तो माझ्या लॅपटॉपला लावला, तर त्याच्या आतल्या कर्नेलने दोन वस्तू दाखवल्या — एक डिस्क, एक कीबोर्ड. पेन ड्राइव्हमध्ये कीबोर्ड कशाला, चाचा? आपोआप टाइप व्हायला लागलं, मी उपटून काढला.

कर्नेल म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला कारभारी. काही जोडलं की तो विचारतो, तू कोण? ती वस्तू सांगेल ते खरं मानतो, तिला चालवणारा प्रोग्राम जोडून देतो. अब्बांसारखाच. आणि तिथे कुणी सुटं नसतं — प्रत्येक वस्तू दुसऱ्या कुणाखाली लावलेली. वरचा हब काढला की खालचं सगळं गेलं, काही चूक नसली तरी. अम्मीचा, धाकट्या मुबीनचा, माझा इकामा, इथे राहायचा परवाना, अब्बांच्या इकाम्याखाली आहे, त्यांचा नोकरीखाली. नोकरी गेली की कुवेतमधलं, मंगफचं हे घर, माझी दहावी — पेन ड्राइव्हमध्ये काय होतं ते माहीत नव्हतं म्हणता? मग घरी लावू नका, असं का बजावलंत? अम्मीने ऐकलंय.

ऑफिसच्या सिस्टीममध्ये कुणीतरी घुसलं म्हणून अब्बांना घरी बसवलंय. चौकशीत विचारलं, पेन ड्राइव्ह कुणी दिला — अब्बा म्हणाले, पार्किंगमध्ये सापडला. तुमचं नाव घेतलं नाही, घेणारही नाहीत, गावात तोंड दाखवायचंय म्हणे — आता कसे मागे टेकून बसलात. इतका वेळ सोफ्याच्या कडेवर होतात. बरं वाटलं? पण मी कुणाला शब्द दिलेला नाही. पेन ड्राइव्ह आमच्या कॉम्प्युटरच्या अर्चना मॅडमकडे आहे — दप्तराकडे बघू नका, तिथे नाही — कुणाचा ते त्यांना अजून सांगितलेलं नाही. आज तुम्ही स्वतः अब्बांच्या ऑफिसात जाऊन सांगा, नाहीतर उद्या मी — आले, अम्मी — नाही गं, भांडत नाही कुणाशी, चाचांना फक्त लॅपटॉपचं सांगत होते.